दुसरा घट

“नाव काढू नकोस त्याचं,” आत्या म्हणाली. “जिन्नस म्हण.”

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. जिन्नस माझ्या पिशवीत, वह्यांच्या खाली होता. चातुर्मास चालू होता, दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते, आणि मी द्वारकाआत्याच्या घरात कांदा आणायची परवानगी मागत होते.

“खायला नकोय गं मला. नुसता पाण्यावर ठेवायचाय.”

“कशाला?”

“मुळं फुटायला.”

“आणि मग?”

“मग ती कापायची.”

आत्यानं डोळे मिटून घेतले. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तिच्या घरात कांदा, लसूण, वांगं यांतलं काही येत नसे. घरात येत नसे तसं त्यांचं नावही तोंडात येत नसे. मंडईत कांद्याच्या ढिगाशेजारून जावं लागलं तर ती पदर सावरून दुसऱ्या बाजूला बघे, जसं काही ढिगानंच तिला आधी नमस्कार करायचा होता.

“हरभऱ्याला मुळं फुटत नाहीत?” तिनं विचारलं. “मेथीला? घटात उद्या नऊ धान्यं पेरायची आहेत, त्यातलं एखादं घे.”

मी तिला समजावलं की मुळाच्या टोकाशी पेशी असतात, एकीच्या दोन होतात आणि त्यानंच मूळ वाढतं. पेशीच्या आत धागे असतात आणि दोन होताना ते धागे वाटले जातात. हरभऱ्याचे धागे फार बारीक. ह्या जिनसाचे मात्र जाड, ठसठशीत, म्हणून सगळ्या जगात विद्यार्थी ह्याचीच मुळं बघतात. पुढं तीस वर्षं शिकवताना मी त्या धाग्यांना गुणसूत्रं म्हणत आले, पण आत्याशी बोलताना ते धागेच होते.

“सगळ्या जगाला चातुर्मास नाही,” आत्या म्हणाली. पण ती दारातून बाजूला झाली, कारण तिला माझी अडचण ठाऊक होती.

हे साल एकोणीसशे साठ. आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथलं पोस्ट सांभाळत. हायस्कूलपासून मी कराडला आत्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मॅट्रिकनंतर कॉलेजात घालायला अण्णांचं मन होईना. उंब्रजच्या एका घरचं स्थळ त्यांनी धरून ठेवलं होतं. मुलगा कोर्टात कारकून, शिवाय हार्मोनियम वाजवणारा. शेवटी आत्याच्या शब्दाखातर त्यांनी एक सहामाही दिली. सगळ्या विषयांत पास झालीस तर राहा, नाहीतर दसऱ्याला येईन तेव्हा ट्रंक बांधून ठेव, असं सांगून ते गेले. बाकीच्या विषयांची मला भीती नव्हती, ते पेपर होऊन निकालही लागले होते. भीती होती ती वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची, कारण सरावाच्या परीक्षेत मी नापास झाले होते.

देवकुळे सर पुण्याहून नुकतेच आले होते. वयानं तरुण, पण बोलणं शंभर वर्षांच्या माणसाचं. त्यांनी माझ्या काचपट्टीवरचं मूळ सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “मिस टिकेकर, तुमच्या सगळ्या पेशी विश्रांती घेताहेत.” वर्गात मी एकटी मुलगी. मुलं हसली ते मला पाठीवर जाणवलं. मग सरांनी सांगितलं की मूळ दुपारी कापून उपयोग नाही. सकाळी उन्हं वर येताना पेशी भराभर विभागत असतात. त्याच वेळी टोक कापून स्पिरिट आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायचं, म्हणजे जी पेशी ज्या अवस्थेत असेल तशीच थिजते. परीक्षेला प्रत्येकानं आपली मुळं आपल्या बाटलीत घेऊन यायची. कॉलेज गावाबाहेर दोन मैलांवर. म्हणजे उन्हं वर येताना मला घरीच कापणं भाग होतं, आणि त्याच वेळी आत्याची पूजा चाले.

जिनसासाठी नियम ठरले. स्वयंपाकघरात न्यायचा नाही. त्याला हात लावला की राखेनं हात धुवायचे. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवायचा, पण रस्त्यावरून दिसता कामा नये. मी कॉलेजातून आणलेल्या काचपात्रावर त्याला बसवला, बूड पाण्याला टेकेल असा, आणि पुढं पंचांगाचं पुठ्ठ्याचं कव्हर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीच्या कोपऱ्यात आत्यानं घट बसवला. पाटावर परडीत माती, मातीत धान्य, वर पाण्याचा कलश, विड्याची पानं, नारळ. शेजारी नंदादीप. मांजरानं समईतलं तेल चाटू नये म्हणून भोवती गुडघ्याएवढी लोखंडी जाळी. आत्या सगळं स्वतः करी, फक्त एक गोष्ट सोडून. तिचं लग्न दहाव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी संपलं. तेव्हापासून ती कुंकवाच्या करंड्याला शिवली नव्हती, देवीसाठीसुद्धा नाही. नवरात्रात रोज संध्याकाळी शेजारच्या यमुनाकाकू येऊन घटाला हळदकुंकू वाहत. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. भिंतीला हात लावत त्या यायच्या, जाळीपाशी बसायच्या, आणि आत्या त्यांचं मनगट धरून बोट बरोबर कलशावर नेऊन ठेवी. दोघी एकाच वयाच्या, एकमेकींना अगं-तुगं करणाऱ्या.

तिसऱ्या माळेला मांजरानं खिडकीतलं काचपात्र पाडलं. पात्र फुटलं. जिन्नस कॉटखाली घरंगळत गेला. मी पालथी पडून तो काढला तेव्हा बुडाशी मुळांचे पांढरे ठिपके नुकतेच दिसू लागले होते, आणि वरून हिरवी पात बोटभर आली होती. दुसरं भांडं मागायला गेले तर आत्या बराच वेळ फळीवर काहीतरी शोधत राहिली. मग तिनं एक पोचा पडलेला पितळी गडू काढला. आतून कल्हई शाबूत होती.

“हा आता देवाच्या उपयोगाचा नाही,” ती म्हणाली. “दे ह्याला.”

“पण ठेवू कुठं? मांजर पुन्हा येईल.”

सगळ्या घरात मांजर जात नव्हतं अशी जागा एकच होती. आत्यानं जाळीकडं पाहिलं, घटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“वीतभर लांब,” ती म्हणाली. “पाटाला टेकता कामा नये.”

मी वीत मोजून ठेवला.

पंचमीच्या संध्याकाळी पेठेतल्या बायका दर्शनाला येत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात प्रसादाची वाटी भरत होते आणि आत्या दारात उभी होती. सगळ्यांत पुढं यमुनाकाकू, भिंत चाचपत. त्यांच्या मागं आमच्या मालकीणबाई. मालकीणबाईंची नजर अशी की रस्त्याच्या पलीकडून कुणाच्या पिशवीत काय आहे ते त्या सांगत, आणि सांगण्यात कंजूषपणा करत नसत. त्यांच्यामागं आणखी तिघी. मालकीणबाई उंबऱ्यात वाकून चपलांचे पट्टे सोडत होत्या.

काकू जाळीपाशी बसल्या. आत्यानं धरून द्यायच्या आतच त्यांचं बोट कलशाला लागलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग त्या क्षणभर थांबल्या. मान किंचित वळवली. आणि सरळ हात लांब करून त्यांनी मूठभर हळद माझ्या कांद्यावर घातली, तिच्यावर मूठभर कुंकू, त्यावर अक्षता. घटाच्या माळेतली शेवंतीची दोन फुलं चाचपून काढून तीही वर ठेवली.

“यंदा दोन घट बसवलेस वाटतं, द्वारके?”

मी स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचं तोंड बघत होते. खोटं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. ते तोंडात मिरची आल्यासारखं दिसतं.

“हो,” आत्या म्हणाली.

“पोरीच्या नावाचा का?”

“हो.”

मालकीणबाई आत आल्या, वाकल्या आणि निरखू लागल्या.

“नारळ फारच लहान दिसतोय हो, द्वारकाबाई.”

“महागाई आहे,” आत्या म्हणाली.

“आणि आंब्याचा टाळ असा उभाच का?”

“ताजा आहे.”

यमुनाकाकूंनी पाठ थोपटल्यासारखं आणखी चिमूटभर कुंकू वाहिलं होतं, तेव्हा आता कुणी वाकून बघितलं तरी हळदकुंकवाच्या ढिगाऱ्यापलीकडं काही दिसण्यासारखं नव्हतं. मालकीणबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मग बाकीच्या तिघींनी. एकीनं खण ठेवला. यमुनाकाकू सगळ्यांत शेवटी उठल्या, आणि उठता उठता कांद्यापुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांचं मार्गी लाव बाई. पुढच्या वर्षी ओटी भरीन.”

बायका गेल्यावर मी धीर करून बोलले. “आत्या, अष्टमीला सकाळी माझी परीक्षा.”

“ठाऊक आहे.”

“मुळं कापायची आहेत.”

“घट बसला की उत्थापनापर्यंत हलवायचा नाही.”

“अगं, तो घट नाही. तो कांदा आहे.”

“नाव काढू नकोस,” आत्या म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, “पाच सवाष्णींनी कुंकू लावलंय त्याला. आता तो काय आहे ते ठरवणारी तू कोण आणि मी कोण?”

दुसरा रुजवायला वेळ नव्हता. वर्गातल्या मुलांकडं मुळं मागितली असती तर त्यांनी वर्षभर पुरवून हसून घेतलं असतं, आणि सरांना ती चाललीही नसती. मी हे सगळं सांगितलं. अण्णांचं सांगितलं, ट्रंकेचं सांगितलं. आत्या ऐकत राहिली, आणि ऐकताना वाती वळत राहिली. एका संध्याकाळी लागतील त्याच्या दसपट वाती झाल्या तरी ती वळतच होती.

दुसऱ्या दिवशी एक वेगळंच प्रकरण झालं. मुळं कुजू नयेत म्हणून गडूतलं पाणी रोज बदलावं लागे. आता गडू हलवायची चोरी, म्हणून मी कांदा किंचित उचलून एका पळीनं जुनं पाणी वाटीत काढलं आणि नवं आणायला आत गेले. तेवढ्यात यमुनाकाकू आल्या. त्या जाळीपाशी बसल्या आणि त्यांचा हात वाटीला लागला. त्यांनी तळहातावर तीर्थ घेतलं, प्यायल्या, उरलेलं डोळ्यांना लावलं. आत्या पुढं झाली होती, पण तिचा हात वेळेत पोचला नाही.

काकूंनी पदरानं ओठ टिपले.

“तीर्थाला वास येतोय गं, द्वारके.”

“पितळेचा असेल.”

“असेल,” काकू म्हणाल्या. “पितळेचाच.”

त्या रात्री आत्या जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, यमुनेच्या वाट्याचा उपास आहे.

पुढच्या दुपारी ती देवळातल्या शास्त्रीबुवांकडं जाऊन आली. तिनं त्यांना काय विचारलं ते तिनंच मला नंतर कधीतरी सांगितलं. समजा, एखाद्या वस्तूला चुकून पूजा घडली, तर काय करावं. शास्त्रीबुवांनी विचारलं, कुठली वस्तू. आत्या म्हणाली, एक जिन्नस. शास्त्रीबुवांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि मग सांगितलं की ज्याची पूजा झाली त्याची उत्तरपूजा करावी. नंतर ते मोकळं. पूजेला चूक नसते, असंही ते म्हणाले. हे वाक्य आत्यानं घरी येईपर्यंत चघळत आणलं असावं.

अष्टमीच्या सकाळी मी उठले तेव्हा ती न्हाऊन जाळीपुढं बसली होती. बाहेर उन्हं कौलांवर चढत होती. तिनं मला ब्लेड आणि बाटली घेऊन शेजारी बसायला सांगितलं. कांद्याला फूल वाहिलं, हळद वाहिली, कुंकवाच्या जागी अक्षता वाहिल्या, उदबत्ती ओवाळली, दुधाचा नैवेद्य दाखवला. मग ‘पुनरागमनाय च’ म्हणून गडू सुपारीएवढा उत्तरेकडं सरकवला. म्हणजे मी त्या दिवशी एका कांद्याला ‘पुन्हा ये’ म्हटलेलं ऐकलं.

“मोकळा झाला,” ती म्हणाली. “काप.”

मी कांदा उचलला. बुडाशी मुळांची पांढरीशुभ्र दाढी लोंबत होती. मी टोकं कापली आणि बाटलीत टाकली. बुडाला चिकटलेल्या अक्षतांपैकी एक दाणाही बरोबर गेला. बाटलीचं बूच उघडताच वास खोलीभर पसरला.

“ही दारू आहे?” आत्यानं विचारलं.

“स्पिरिट आहे. मुळांसाठी.”

“देवीसमोर.”

“तोंड फिरव, आत्या.”

“देवीचं का माझं?”

शेवटी तिनं आपलंच फिरवलं, आणि भिंतीकडं बघत म्हणाली, “पण आज त्यात जे दिसेल ते मला दाखवायचं. इतके दिवस मी कुणापुढं बसले ते मला कळायला हवं.”

प्रयोगशाळेत मी मुळाचं टोक आम्लात मऊ केलं, लाल रंगात बुडवलं, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच बसवली आणि टिपकागदाखाली अंगठ्यानं दाबली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर आधी नुसत्या विटांच्या भिंतीसारख्या पेशी, एकापुढं एक, सगळ्या विश्रांती घेणाऱ्या. मी पट्टी सरकवत गेले. आणि मग एक पेशी आली जिच्यातले लाल धागे मधोमध ओळीत उभे होते. तिच्या शेजारी दुसरी, जिच्यातले धागे दोन घोळक्यांत फुटून दोन टोकांकडं निघाले होते, कोपरं पुढं आणि हात मागं. मग तिसरी, चौथी. सगळं मूळ कामाला लागलेलं होतं.

देवकुळे सर आले. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझी बाटली उचलून उजेडात धरली.

“मिस टिकेकर, हे आत काय आहे?”

“तांदूळ, सर.”

“कशासाठी?”

“पद्धत आहे, सर.”

सरांनी थोडा विचार केला. आपल्याला पुण्यात ही पद्धत कुणी शिकवली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी गुण मांडले, आणि त्या सहामाहीत मुळांसाठी दिलेले सगळ्यांत जास्त गुण ते होते.

दुपारी आत्या आली. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, डोक्यावर पदर, हातात छत्री, दोन मैल चालत. जिन्यावरची पोरं भिंतीला लागून उभी राहिली. सरांनी लगबगीनं स्टूल पुढं केलं, त्यावर स्वतःचा रुमाल अंथरला, मग तो पुन्हा काढला, मग पुन्हा अंथरला. आत्या बसली आणि एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला.

“काळं गवत दिसतंय.”

“ती तुझी पापणी, आत्या. थोडं मागं हो.”

ती मागं झाली. मग बराच वेळ हललीच नाही.

“लाल दोऱ्याचे तुकडे आहेत,” ती म्हणाली. “कुणीतरी दोन्हीकडून ओढतंय.”

मी सांगितलं की वेगळं होण्याआधी प्रत्येक धागा आपल्यासारखाच दुसरा धागा तयार करतो. मग एक इकडं जातो, एक तिकडं. मुळातल्या पेशीत सोळा धागे असतात. एकीच्या दोन झाल्या तरी दोघींकडं सोळाच्या सोळा.

“म्हणजे वाटणी होऊन कुणाचं काही कमी होत नाही?”

“नाही.”

“आणि ह्याला दुसरं कुणी लागत नाही. सगळं एकटीच्या एकटीनं होतं.”

“हो.”

आत्यानं पुन्हा डोळा लावला. सरांना आता राहवेना. त्यांनी कपाटातून आपली खास काचपट्टी काढली, मखमलीत गुंडाळलेली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ही फुलाच्या कळीतली पेशी, आजी, ते म्हणाले. इथली रीत वेगळी. इथं जोडीजोडीनं धागे जवळ येतात आणि मग जोडीतला एकेकच वाटणीला जातो. सोळाचे आठ होतात. परागकण अर्धेच घेऊन बाहेर पडतो. दुसऱ्या फुलातले आठ त्याला भेटले, म्हणजे पुन्हा सोळा पुरे होतात आणि बी धरतं. सर रंगात आले होते. हाच सृष्टीचा सगळ्यांत सुंदर भाग, असं ते म्हणाले.

आत्या काचेतून बघतच बोलली. “म्हणजे आधी अर्धं व्हायचं. मग दुसऱ्या अर्ध्याची वाट बघायची.”

“बरोबर, आजी.”

“आणि ते आलंच नाही तर?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

“तर… वाळून जातं,” सर म्हणाले.

आत्यानं डोळा काढला. पदरानं सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, आपला ओलावा तिथं राहू नये म्हणून असेल.

“ते मुळाचं बरंय,” ती म्हणाली.

“पण निसर्गाला दोन्ही लागतं, आजी.”

“लागत असेल. तुम्ही तुमचं फूल बघा, मास्तर. हिला सध्या मुळाचंच शिकवा.”

देवकुळे सर बरं म्हणाले. आपण काय कबूल केलं ते त्यांना कळलं होतं असं मला वाटत नाही.

दसऱ्याला अण्णा आले. मी पास झाल्याचं ऐकून खूश झाले, आपट्याची पानं आत्याच्या हातावर ठेवून तिच्या पाया पडले, आणि मग पाटावर बसून उंब्रजचं काढलं. पोरगी पास झाली हे चांगलंच, आता तिकडच्यांना सांगायलाही बरं. त्यांना घाई आहे. मुलगा पुढच्या महिन्यात पेटीची परीक्षा देतोय, त्याआधी बघून जावं म्हणतात.

आत्या त्या वेळी घटातली उगवलेली धान्याची रोपं खुडत होती. तिनं चार पिवळी रोपं घेतली आणि अण्णांच्या टोपीत खोचली.

“वामन, पोरीला आत्ता मुळं फुटताहेत,” ती म्हणाली. “फुलाचं नंतर बघू.”

अण्णांनी टोपी चाचपली. “हे कुठलं शास्त्र, अक्का?”

“कॉलेजातलं.”

“तू कधी गेलीस कॉलेजात?”

“अष्टमीला.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुरणपोळीवर तूप वाढायला आत गेले. थोरल्या बहिणीपुढं दुसऱ्यांदा विचारायची अण्णांची पद्धत नव्हती. जेवून, पान खाऊन ते संध्याकाळच्या एस.टी.नं एकटेच परत गेले. ट्रंक कॉटखालीच राहिली. पेटीवाल्या मुलाचं त्या मार्गशीर्षात लग्न झालं असं कळलं.

कांदा आत्यानं मागच्या दारी डालड्याच्या डब्यात लावला. माघात त्याला फुलाचा पांढरा गोंडा आला. त्याच्याच कळ्या नेऊन मी दुसऱ्या सहामाहीची काचपट्टी केली. चांगली झाली होती. आत्याला बघायला बोलावलं, तर म्हणाली, उन्हातून चालवत नाही.

पुढच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “मंडईत जाशील तेव्हा एक जिन्नस आण. पातीचा बघून.”

“परीक्षेला ह्या खेपेला दुसरं आहे, आत्या.”

“तुझ्यासाठी नव्हे. यमुनेनं ओटी कबूल केलीय.”

यमुनाकाकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यात मिरजेला झालं होतं. वाटीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा आला होता, आणि त्या चष्म्यातून काकू भिंतीला हात न लावता सगळ्या पेठेत फिरत होत्या. आत्याला तेवढीच धास्ती होती. नवस फेडायला आलेली बाई, आणि समोर घटच नसला तर काय सांगायचं? आणि असला, तर?

पंचमीला काकू सगळ्यांच्या आधी आल्या. हातात खण, नारळ, तांदळाची ओटी. जाळीपाशी बसल्या. चष्मा नाकावर वर सरकवला आणि पोचा पडलेल्या गडूकडं वाकून पाहिलं.

“द्वारके, हा कांदा आहे.”

आत्या भिंतीला टेकली. “हो,” ती म्हणाली.

“मोठा दिसतोय. गेल्या वर्षीचा लहान होता.”



“तुला तेव्हा दिसत होता?” आत्यानं विचारलं.

“दिसत कुठला? मोतीबिंदू डोळ्यांना झाला होता, नाकाला नाही. दारातच कळलं. मागं मालकीण चपला सोडत होती. म्हटलं, हिची नजर पोचायच्या आत कुंकू पोचलेलं बरं. पोरीची परीक्षा होती ना?”

“आणि ते तीर्थ?”

“तू बघत उभी होतीस. प्याले नसते तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून.”

यमुनाकाकूंनी ओटी कांद्यापुढं ठेवली. मग कुंकवाचा करंडा उघडला आणि आत्यापुढं धरला.

“मी ओटी भरली. कुंकू तू लाव.”

“यमुने, मी—”

“देवीला नाही लावत, ठाऊक आहे मला. ही देवी कुठाय? कांदा आहे.”

आत्या बघत राहिली. मग बसली. बोट करंड्यात घातलं, आणि पन्नास वर्षांत सवय गेलेली, म्हणून फार घेतलं गेलं.

“नाव काढू नकोस त्याचं,” ती म्हणाली, आणि कुंकू लावलं.